बारावी ओवी

सोनूबाईंना पहिल्या रांगेत बसलेलं पाहिलं आणि भार्गवी सभागृहाच्या दारातच थांबली.

प्राचार्यांनी मोठ्या हौसेनं लांज्याला गाडी पाठवून त्यांना आणवलं होतं. चर्चासत्र लोकसाहित्याचं. मग ज्या बाईच्या ओव्यांवर आपल्या कॉलेजातल्या भार्गवीचा निबंध छापून आला, तिचा सत्कार नको? शाल, श्रीफळ, सगळं टेबलावर मांडून ठेवलं होतं. आदल्या दिवशी कुणी नुसती कुणकुण लागू दिली असती, तर भार्गवीनं ताप आल्याचं कळवून टाकलं असतं.

कारण निबंधात ओव्या होत्या बारा, आणि सोनूबाईंनी सांगितल्या होत्या अकरा.

मागच्या वैशाखात ती त्यांच्या वाडीत गेली होती. दिवसभर ओटीवर बसून राहिली. "थांब हां बाय, आठवतंय," असं म्हणून सोनूबाई चहा टाकायला आत जायच्या आणि येताना एक ओवी घेऊन यायच्या. गुरांना पाणी दाखवून आल्या, आणखी एक. परसातून लाकडं घेऊन आल्या, दोन. संध्याकाळच्या एसटीपर्यंत अकरा झाल्या. सगळ्या आजीपासून चालत आलेल्या, असं त्यांनी सांगितलं. हातपाय कामात गुंतले की जुनं गाणं आपोआप वर येतं, यावर भार्गवीनं निबंधात अख्खा परिच्छेद लिहिला होता.

पण अकराच्या अकरा ओव्या भावाच्या, लेकरांच्या, तुळशीच्या. निबंधाचा विषय होता नवरे मुंबईला गेल्यावर मागे राहिलेल्या बायकांची तक्रार, आणि तक्रार तर एकीतही नव्हती. नियतकालिकाची मुदत दोन दिवसांवर आली होती. नऊ वर्षं ती तासांवर शिकवत होती. कायम जागा हवी, तर नावावर एक छापील निबंध हवाच होता. तिनं एक ओवी स्वतः रचली आणि सोनूबाईंच्या नावावर घातली. नेमकी तीच सगळ्यांना आवडली.

आता त्या कायम जागेची मुलाखत गुरुवारी होती. समितीवर डॉ. राजश्री होत्या. त्याच नियतकालिकाच्या संपादक, आणि या सत्राच्या अध्यक्षही त्याच. भार्गवीनं कसाबसा निबंध वाचला. बारावी ओवी आली तेव्हा पान उलटल्यासारखं करून ती गाळली. पण राजश्रीबाई कसल्या सोडतायत!

"भार्गवी, तुमची सगळ्यात चांगली ओवी तुम्ही वाचलीच नाहीत," त्या माइक पुढे ओढून म्हणाल्या. "आणि आज तर सोनूबाई स्वतः आल्यात. ती आपण त्यांच्याच तोंडून ऐकू."

आणि त्यांनी चाळिशी लावून ती वाचून दाखवली.

धनी गेला बोटीनं, मुंबई जवळ केली,
माझी वाट गेली, जात्याभोती.

प्रमाणपत्राची वाट बघत मागे बसलेले प्राध्यापकसुद्धा मोबाइल खाली ठेवून पाहू लागले. सोनूबाईंच्या कपाळाला आठी पडली.

"परत वाचा बगू," त्या म्हणाल्या.

राजश्रीबाईंनी परत वाचली. सोनूबाईंनी मान वळवून भार्गवीकडे पाहिलं. भार्गवीनं मान खाली घातली. नऊ वर्षं गेली, गुरुवार गेला, आता या गावात तोंड कसं दाखवायचं, एवढंच तिच्या मनात आलं. तिला रडू येत होतं आणि रडायचीही सोय नव्हती.

मग माइकवरून आवाज आला. म्हातारा, चिरका, पण सुरात. सोनूबाई तीच ओवी गात होत्या. गाऊन झाली, तरी त्या थांबल्या नाहीत.

जात्याभोती वाट, माझी सरली नाय,
लेकी तुझे पाय, पुढं टाक.

टाळ्या थांबेनात. राजश्रीबाईंनी डोळे पुसले आणि भार्गवीला विचारलं, "अहो, ही पुढची का नाही घेतलीत निबंधात?"

भार्गवी निबंधाची पानं चाळू लागली.

"तवा आठवली नव्हती," सोनूबाई माइकवरच म्हणाल्या.

जेवणाच्या सुट्टीत भार्गवीनं त्यांना व्हरांड्याच्या टोकाला गाठलं. सोनूबाई शालीची नीट घडी घालत होत्या. भार्गवीनं वाकून त्यांचे पाय धरले.

"मावशी, ती ओवी तुमची नव्हती. मी रचली आणि तुमच्या नावावर खपवली. तुम्ही आज मला वाचवलंत."

"म्हायत हाय."

"लगेच ओळखलंत? इतक्या वर्षांच्या इतक्या ओव्या, एखादी विसरली असेल, असंसुद्धा नाही वाटलं?"

"नाय."

"आणि ती दुसरी? ती कुठून आली?"

सोनूबाईंनी शाल पिशवीत घातली, वर नारळ ठेवला. आजूबाजूला कुणी नाही, असं बघितलं आणि तिच्या कानाशी वाकल्या.

"अगो, गावात चक्की आली तवापास्न जातं भिंतीला टेकवून ठेवलेलं हाय. आजीच्या ओव्या कुठल्या आठवतायत मला! पण तू उनातानाची एवढी लांब आलेलीस, आशेनं बसलेलीस. तुला रिकामी कशी धाडू? आत जायची, एक जुळवायची, भायेर येऊन तुला सांगायची. अकराच्या अकरा मीच रचल्या, बाय. मग बारावी माजी नाय, हे मला कळायचं नाय?"