कोपऱ्यातलं कोरल

"मंद उजेड आणि संथ पाणी, एवढंच याला लागतं," दुकानदार म्हणाला. "फक्त सारखा हात लावू नका."

घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत एक अंधारा कोपरा होता. पंपाचं पाणीही तिथे जेमतेम पोचायचं. विद्याधररावांनी मोठ्या आशेने ते मशरूम कोरल, म्हणजे छत्रीसारखं उमलणारं जिवंत प्रवाळ, तिथे बसवलं, पण ते मिटूनच राहिलं. मग त्यांनी ते जरा उजवीकडे सरकवलं, पुन्हा डावीकडे आणलं, पंपाचं तोंड फिरवलं, काचेला नाक लावून टॉर्च मारला. कोरल सुक्या जर्दाळूसारखं आणखी आक्रसलं. "आळशी आहे," असा निकाल देऊन ते बायकोला कणीक कशी मळावी ते सांगायला स्वयंपाकघरात गेले. निवृत्त झाल्यापासून या घरात सुधारणेला भरपूर वाव आहे, असं त्यांचं ठाम मत झालं होतं.

शेवटी लेकीने त्यांना नाशिकला बोलावून घेतलं. आठवड्याभरात बायकोने फोटो पाठवला. कोरल बशीएवढं पसरलं होतं, जांभळं, मखमली. टाकीच्या काचेत फोटो काढणारी बायकोही दिसत होती, खळखळून हसताना. मागे भिशीच्या मैत्रिणींनी विद्याधररावांच्या आरामखुर्चीचा ताबा घेतला होता.

त्यांनी लगेच विचारलं, 'काय केलंस त्याला?'

उत्तर आलं, 'काहीच नाही.'

विद्याधररावांनी फोटो मोठा करून आधी कोरल पाहिलं, मग बायकोचं हसू. मग लेकीला म्हणाले, "आणखी आठवडाभर राहू का गं? एखादा अंधारा कोपरा दिलास तरी चालेल."

"राहा की, बाबा," लेक म्हणाली. "फक्त माझ्या कणकेला हात लावू नका."