साहेब उठल्याशिवाय

हेडक्लार्क बाईंच्या पोटात रोज बरोबर साडेपाचला दुखायला लागायचं. त्याच वेळी नवी पोरगी कॉम्प्युटर बंद करून, पुस्तकं छातीशी धरून "येते हं बाई" म्हणत निघायची. संध्याकाळच्या कॉलेजात ती वकिली शिकत होती. मुलाखतीतच तिने सांगून टाकलं होतं, "पगार थोडा कमी द्या, पण साडेपाचला मी निघणार." आणि साहेब चक्क हो म्हणाले होते!

तसलंच वकिलीचं एक पुस्तक बाईंच्या कपाटात अजून होतं, पहिल्या चाळीस पानांपर्यंतच वाचलेलं. साहेब उठल्याशिवाय आपण उठायचं नाही, हा नेम बाईंनी बावीस वर्षं पाळला होता. त्यापायी कॉलेज सुटलं, ते सुटलंच. आणि ही कालची पोर!

एक दिवस राहवेना, तशा बाई केबिनमध्ये शिरल्या. साहेब आवरलेल्या टेबलापुढे, डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

"साहेब, त्या पोरीला जरा समज द्या. खुशाल तुमच्या आधी उठते. मी कधी उठले?"

साहेब जरा घुटमळले. "रागावणार नसाल तर विचारतो बाई. तुम्ही रोज कशासाठी थांबता?"

"म्हणजे काय? तुमच्यासाठी!"

साहेब पिशवीकडे बघत राहिले. "आणि मी बावीस वर्षं तुमच्यासाठी थांबतोय. म्हटलं, बाई एवढ्या कामात आहेत, आपण आधी कसं उठायचं?"