यादीतून काढलेलं नाव

नितेश अकोल्यात घरीच भूगोलाची शिकवणी घ्यायचा. त्या सकाळी तो पोरांना सांगत होता, "अमेरिकेकडं वादळाइच्या नावाची यादी असते. सहा वर्षांनं तेच नावं परत येतात. पण ज्या वादळानं लई नासधूस केली, त्याचं नाव कायमचं काढून टाकतात." आतल्या खोलीत बाळंतीण प्रणाली कान देऊन ऐकत होती.

दुपारी पोरीचं बारसं. राशीचं अक्षर 'अ' आलं होतं. आत्या म्हणून सुनंदाताई नावांची यादी वाचू लागली. आराध्या, अन्वी, आरोही. मोबाइलमधून डोकंही वर न काढता नितेश प्रत्येक नावाला "चालते" म्हणत होता.

शेवटचं नाव प्रणालीनं मुद्दाम लिहिलं होतं. अमरावतीच्या कॉलेजातल्या नितेशच्या जुन्या मैत्रिणीचं ते नाव. तिचा फोटो प्रणालीनं लग्नानंतरच्या चार वर्षांत शंभरदा मोठा करून पाहिला होता. यालाही तो सहज "चालते" म्हणाला, की आपला जीव भांड्यात पडेल, असं तिला वाटत होतं.

"आचल," ताईनं वाचलं आणि तिची जीभच अडखळली.

नितेशनं मोबाइल खाली ठेवला. "ते नको."

ताईनं घाईघाईनं नाव खोडलं आणि प्रणालीच्या कानाशी लागली, "पाह्य, किती जपते तुले माहा भाऊ!"

प्रणालीनं पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि नवऱ्याकडं पाहत हळूच विचारलं, "लई नासधूस झाली होती का जी तुमची?"