रिकामा कोपरा

घरामागे आईसाठी खोली काढायला घेतली. पाणी निचरावं म्हणून मिस्त्रीने पायाभोवती खडी घातली आणि "आतल्या भरावात मुरूमच टाका, अडगळ नको," असं बजावून तो दुसऱ्या कामावर गेला. "भरावाचं मी बघतो," मुलगा म्हणाला.

आई नव्या खोलीत राहायला गेली. तिचं मागणं एकच होतं: "यांची आरामखुर्ची खिडकीजवळच्या कोपऱ्यात हवी." "पॉलिशला दिलीय, येईल," मुलगा दर वेळी सांगायचा, आणि आई तो रिकामा कोपरा रोज पुसून ठेवायची.

पावसाळा सरता सरता नेमका तोच कोपरा खचला. मिस्त्रीने फरशी उचलली, ओल्या भरावात हात घातला आणि त्याचं डोकंच फिरलं.

"भरावात लाकूड टाकतात का कुणी? कुजल्यावर फरशी बसणारच!"

"तुमच्याच माणसांनी टाकलं असेल," मुलगा म्हणाला.

मिस्त्रीने खुर्चीचा एक कुजका, नक्षीदार हात ओढून काढला. आईने तो घेतला आणि सावकाश पदराने पुसला.



"माझ्या लेकाला बोलू नका हो," ती मिस्त्रीला म्हणाली. "त्याने ती पॉलिशला दिलीय."