उंच गाडी

देवेशने वर्षभर खपून आपली जुनी व्हॅन रानावनात फिरण्यासाठी सजवली. चाकं मोठी बसवली, गाडी हातभर उंच करून घेतली, आत पलंग ठोकला आणि पलंगाखाली सामानाला मोकळी जागा ठेवली. त्याची आई सुगंधा विचारायची, "इतकी उंच कित्याक रे?" तो सांगायचा, "आये, खड्डे, धोंडे, वहाळ, कायच आडवणा नाय हिका."

शनिवारी आई देवळात गेलेली असतानाच तो निघाला. फोंडाघाटच्या बाजारात चहा घेऊन त्याने मुद्दाम डांबरी रस्ता सोडला. पहिल्याच धोंड्यावर गाडी उडाली आणि मागून कॉक असा आवाज आला. थांबून त्याने पलंगाखाली वाकून बघितलं. नव्या कोऱ्या स्लीपिंग बॅगवर घरची कोंबडी अकरा अंडी उबवत बसली होती.

त्याने आईला फोन लावला.

"मुंगूस इतक्या उंच पावना नाय, म्हणान थंय बसयलंय तिका," ती म्हणाली. "आता सावकाश घराक ये. एक पण खड्डो लागता नये."

परतीच्या वाटेवर सायकलवरचा पाववाला देवेशच्या गाडीला मागे टाकून गेला. दोनदा.