नाव गाळलेली गोष्ट

भाभीने मोबाइल बंद केला आणि ओढणीने डोळे पुसले. "तिसऱ्यांदा ऐकतेय, तरी रडू आवरत नाही. सात वर्षांची पोर! आइस्क्रीम देते म्हणून नेलं आणि म्हातारीने ब्लेडने खाली कापून तिचा खतना केला!"

अरवा वाटाणे सोलत राहिली. गोष्ट तिचीच होती. नाव गाळून, आवाज बदलून, मुलींचा खतना थांबवू पाहणाऱ्या एका संस्थेने ती घरोघरी पोचवली होती.

"माझं ठरलंय," भाभी म्हणाली. "तसल्या म्हातारीच्या हाती माझी इन्सिया मी देणार नाही."

अरवाच्या जिवात जीव आला.

"डॉक्टरीणबाई आधी इंजेक्शन देतात, पोरीला कळतही नाही. शनिवारची वेळ घेतलीय."

अरवाला सगळं सांगायचं होतं, पण स्वतःच्या आवाजात शब्द फुटेना.

इन्सिया उड्या मारत आत्याकडे आली. "फुई, शनिवारी मम्मी मला आइस्क्रीम देणार आहे!"