हेस्टरमावशीची शेवटची फेरी

"जिवंत आहे तोवर याच वाटेनं जाणार. आणि मेल्यावरही," असं म्हणत हेस्टरमावशीनं दुखरा पाय फाटकाच्या फळीवर ठेवला.

"मेल्यावर खुशाल जा," क्रॉलीसाहेब म्हणाले. "मी स्वतः फाटक उघडीन."

मावशी वर चढता चढता थांबली. "शब्द?"

"शब्द."

लढाई संपल्यावर साहेबांनी लंडनहून येऊन फाटकापलीकडचं शेत घेतलं आणि पहिल्याच महिन्यात फाटकाला कुलूप ठोकलं. शेतातली पायवाट गावाची होती. पोरं त्याच वाटेनं शाळेत जायची, बायका दुकानात. आता सगळ्यांना चिखलातून दीड मैलाचा वळसा. गडी माणसं संध्याकाळी गुत्त्यात बसून साहेबांना यथेच्छ शिव्या घालायची आणि सकाळी टोपी काढून त्यांच्याच शेतावर राबायची. राहती घरं साहेबांची, मजुरी साहेबांची. तोंड उघडणार कोण?

मावशी रोज फाटक ओलांडायची. दुकानातून एक काड्यापेटी घ्यायची आणि त्याच वाटेनं परत. साहेबांनी कुत्रा सोडला, तर तिनं त्याला बिस्किटांची चटक लावली. "कुत्र्याला कळतं, मालकाला कळेना," म्हणायची.

त्या हिवाळ्यात तिची छाती भरली. शेवटी तिनं अ‍ॅम्ब्रोज लोहाराला बोलावलं आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. तो आधी हसला, मग रडला.

सहा गड्यांनी शवपेटी उचलली. मागे अख्खं गाव. सगळे कुलूपबंद फाटकापाशी येऊन उभे राहिले. साहेब आले, शवपेटीकडे बघून वरमले. खिशातून किल्ली काढून त्यांनी स्वतः फाटक उघडलं आणि हॅट काढून बाजूला झाले. माणूस अगदीच वाईट नव्हता.

शवपेटी शेत ओलांडून पलीकडच्या चर्चकडे गेली. साहेब तसेच उघड्या डोक्यानं थांबले. थोड्या वेळानं शवपेटी त्याच वाटेनं परत येताना दिसली.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं. "पुरलं नाही?"

"तिथं कसं पुरणार?" अ‍ॅम्ब्रोज म्हणाला. "मावशी चॅपलवाली. पंथच वेगळा. चर्चची पायरी जन्मात चढली नाही. तिच्यासाठी खड्डा खणलाय तो तिच्या घरासमोर, चॅपलच्या मागं."

"मग एवढ्या लांब आणलीत कशाला?"

अ‍ॅम्ब्रोजनं खांदा बदलला. "आमच्याकडे ज्या वाटेनं मढं नेतात, ती वाट कायमची गावाची होते, साहेब. फक्त फाटक मालकानं स्वतःच्या हातानं उघडावं लागतं. म्हणून तर तिनं तुमच्याकडून शब्द घेऊन ठेवला होता."